साकु म्हणायला शिकले

बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरनं माझ्या हातात औषध मोजायचा इवलासा कप दिला. त्यात तीस मिली पाणी. अर्ध्या तासात संपवायचं म्हणाली. निपाणीत आमची खानावळ आहे, रोज शंभरावर भाकऱ्या मी थापते. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिणाऱ्या बाईला घोटभर पाण्याला अर्धा तास म्हणजे चेष्टाच वाटली. चौथ्याच घोटाला छातीखाली दाटून आलं. सिस्टरनं कप काढून घेतला. "साकु, अक्का." कन्नडात साकु म्हणजे पुरे.

याला चार वर्षं झाली. तेव्हा वजन 112 किलो, उंची पाच फूट एक इंच, सोबत साखरेचा आजार आणि उठताना कुरकुरणारे गुडघे. शस्त्रक्रिया वजन कमी करायची, स्लीव्हची. जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात आणि उरतं ते केळ्याच्या आकाराचं. पोट कापलं की काम झालं, असं मला वाटलं होतं. काम त्यानंतर सुरू झालं. त्यातनं शिकले ते असं :

1. मशेरी हीही तंबाखूच. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?" मी ठामपणे "नाही" म्हटलं. आमच्या गावात तंबाखू म्हणजे वखारीतली, विडीतली, पुरुषांच्या चंचीतली. बायका सकाळी दाताला लावतात ती मशेरी कुणी तंबाखूत धरतच नाही. सिस्टरनं माझे दात बघितले आणि पुन्हा विचारलं. तेव्हा कबूल केलं. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. ऑपरेशनआधी सहा आठवडे सोडली. पहिले आठ दिवस डोकं ठणकायचं आणि अंगणात बसलेली जाऊबाई बोट दाताला लावायची तेव्हा माझा हात आपोआप उठायचा. जेवणाचं पथ्य पाळताना पुढं हेच उपयोगी पडलं. सवय पोटात नसते, हातात असते.

2. पहिले दोन महिने तान्ह्या बाळाचे. सुरुवातीचे दोन आठवडे नुसतं पातळ : पाणीदार ताक, वरणावरचं पाणी, हळद-मिठात शिजवलेल्या कोंबडीचं गाळलेलं अळणी. मग घोटलेलं गरगटं, मऊ भात, कुस्करलेलं अंडं. प्रत्येक दवाखान्याचा तक्ता थोडा वेगळा असतो. आपला आपण मोडू नये. मी मोडला. तिसऱ्या आठवड्यात तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा तोंडात टाकला. तो अडकला. दोन तास मोरीपाशी उभी होते, तोंडाला फेस. जिनं हजारो भाकऱ्या थापल्या तिला एका पापुद्र्यानं रडवलं.

3. ताट उलटं वाचायचं. आमचं ताट भाकरीनं सुरू होतं आणि भातानं संपतं. उसळ, अंडं, मटण तोंडी लावायला. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिनं सांगितली. एका अंड्यात ती सहाएक ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच. आणि जागा वाटीभर. म्हणून आधी अंडं, मुगाची उसळ, मासा किंवा कोंबडीचे तुकडे, मग भाजी, जागा उरली तर चतकोर भाकरी. सुरुवातीला मी हे नीट केलं नाही. चौथ्या महिन्यात विंचरताना केसांचे पुंजके हातात यायला लागले. वजन झपाट्यानं उतरताना केस गळतातच, पण प्रथिनं कमी पडली की जास्त. नंतर ते परत आले.

4. घास मोजायला घड्याळ लागत नाही. सावकाश चावा, सगळेच सांगतात. मला जमेना, म्हणून माझं माप काढलं : एक भाकरी थापून तव्यावर पडेपर्यंत एक घास. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं. संकेश्वरी मिरचीच्या रश्श्यावर पाणी न पिणं ही शिक्षाच. शेवटी माझ्यापुरती मिरची कमी केली. त्याबद्दल सासूबाई आजही बोलून दाखवतात.

5. भाकरी अडवते, कुंदा अडवत नाही. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भाकरी, मटण, उसळ यांनी लहान पोट लगेच भरतं. कुंदा, आइस्क्रीम, उसाचा रस, गरम काकवी हे मात्र सरळ घसरत खाली जातं. पोट "भरलं" म्हणतच नाही. मी तपासणीला बेळगावला जायची आणि येताना पोरांसाठी म्हणून अर्धा किलो कुंदा आणायची. चिकोडी फाटा यायच्या आत एसटीतच पुडा उघडलेला असायचा. वजन कमी करायच्या दवाखान्यातून कुंदा घेऊन परतणारी बाई मीच.

6. चाखणं हेही जेवणच. दीड वर्षात मी 112 वरून 74 वर आले. तिसऱ्या वर्षी काटा 81 वर गेला. भूक वाढवणारं एक संप्रेरक जठराच्या वरच्या भागात तयार होतं. तो भाग कापल्यावर सुरुवातीला भूकच लागत नाही. पुढं ती हळूहळू परतते. पण माझं जेवण वाढलं नव्हतं, मग सात किलो आले कुठून? खानावळीच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर आठवडाभर सगळं लिहिलं. रश्श्याचं मीठ बघायला दोन पळ्या. भज्यांचा पहिला घाणा. चहा पाच वेळा, साखरेचा. भडंगाच्या डब्यात जाता-येता हात. आणि रात्री उरलेलं, कारण अन्न टाकू नये. ताटावरची उधारी शून्य, ताटाबाहेरची वहीभर.

   आता मीठ आमची मदतनीस बघते. उरलेलं शेजारच्या म्हशीला जातं. अन्नाचा मान राखायचा म्हणून मी इतकी वर्षं स्वतःच्या पोटाचा उकिरडा केला होता.

7. आग्रहाला दुसऱ्या भाषेत नकार द्या. आमच्याकडं बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा येतो : ज्येष्ठात कर्नाटकी, त्यामागून महाराष्ट्राचा. दोन्हीला पुरणपोळी. "एवढ्यानं काय हुतंय? खा की गं!" मी कारणं सांगायची, लोक रुसायचे. एकदा माहेरच्या पंगतीत चुकून सिस्टरसारखं "साकु" म्हटलं गेलं. सगळे हसले आणि वाढणारा पुढं गेला. कन्नड शेजारणी "ऊट आयता?", जेवण झालं का, असं विचारत ताट पुढं करतात, तिथं मी मराठीत "पुरे" म्हणते. तिथंही हसू. सीमाभागात भाषेवरून आयुष्यं भांडणात गेली. माझं पथ्य मात्र दोन्ही भाषांनी सांभाळलं. पुरणपोळी मी खाते. चतकोर, आणि कटाच्या आमटीतली डाळ आधी.

8. "आयता मार्ग" म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. 2011 साली नितीन गडकरींनी वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ती बातमी झाली. खानावळवालीनं केली की लोक म्हणतात, कष्ट नकोत म्हणून पोट कापून घेतलं. मी वर्षभर "पित्ताशयाचं ऑपरेशन" सांगत होते. त्यानं पथ्य आणखी अवघड झालं, कारण ज्यांना माहीतच नाही ते वाढताना हात आखडता कशाला घेतील?

9. गोळ्या बरं वाटल्यावरही घ्यायच्या. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. दुसऱ्या वर्षी ठणठणीत वाटलं म्हणून बंद केल्या. काही महिन्यांनी पायाला मुंग्या यायला लागल्या. तपासणीत बी-12 तळाला. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. गुडघे दुखले म्हणून दुकानातनं वेदनाशामक गोळी आणणंही बंद. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, त्या डॉक्टरांनी केल्या, मी नाही.

10. वजन वाढलं की लगेच दवाखाना गाठा. 81 झाल्यावर मी चौदा महिने तिकडं फिरकले नाही. रागावतील, पैसे वाया घालवले म्हणतील, ही लाज. गेले तेव्हा कुणी रागावलं नाही. डॉक्टरांनी वही मागितली, मागचं पान वाचलं आणि चहाच्या ओळीखाली रेघ मारली. आज मी 77 वर आहे. 74 पुन्हा दिसेल की नाही, माहीत नाही. गुडघे मात्र कुरकुरत नाहीत.

सगळ्यात उशिरा एक गोष्ट ध्यानात आली. आग्रहाला मी जन्मभर नावं ठेवली, आणि स्वतः खानावळीत पोरांच्या ताटात न विचारता भाकरी टाकत आले. तीच माझी माया, तेच माझं नाव. गेल्या पावसाळ्यात कॉलेजचा एक जाडसर पोरगा जेवायला बसला होता. तिसरी भाकरी घेऊन मी त्याच्या ताटापाशी गेले. हात पुढं झालाच होता. थांबले.

"साकु?" विचारलं.

त्यानं जरा वेळ ताटाकडं बघितलं. मग म्हणाला, "पुरे, मावशी."

भाकरी मी टोपलीत परत ठेवली.