खुब्याचं हाड मोडलं तर दिवस घालवू नका



सासूबाई न्हाणीत घसरून पडतात. उठता येत नाही. कुणी म्हणतं, मुका मार असेल, तेल लावून शेका. कुणी हाडवैद्याला बोलावतं. मग मुलगा गावी येईपर्यंत थांबायचं, पैसे जमवायचे. यात चार-पाच दिवस जातात. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "आता या वयात कशाला ऑपरेशन?" असं किती घरांत होतं! म्हणून या महिन्याचा पाठ खुब्याच्या हाडाचा.

ओळखायचं कसं?
पडल्यावर जांघेत किंवा खुब्यात खूप दुखतं. उभं राहता येत नाही. बहुतेक वेळा तो पाय थोडा आखूड दिसतो आणि बाहेरच्या बाजूला वळतो. कधी कधी बाई लंगडत चालतेही, पण दुखणं थांबत नाही. तेव्हाही एक्स-रे काढायचाच. चोळू नका, पाय ओढू नका. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवा आणि १०८ ला फोन करा.

घाई कशासाठी?
हाड मोडलेलं माणूस अंथरुणाला खिळतं. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होते. म्हाताऱ्या माणसाचा जीव बऱ्याचदा यातूनच जातो. म्हणून ऑपरेशन शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावं, असं डॉक्टर सांगतात.

२०२० साली १७ देशांतल्या पेशंटवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपला भारतही होता. काहींचं ऑपरेशन साधारण ६ तासांत झालं, काहींचं २४ तासांत. मृत्यूंत फारसा फरक दिसला नाही. पण लवकर ऑपरेशन झालेले लवकर उभे राहिले आणि त्यांना भ्रम कमी झाला. म्हणजे चार तास इकडेतिकडे झाले म्हणून घाबरायचं नाही. पण दिवसावर दिवस घालवायचे नाहीत. उशीर झाला असेल तरी दवाखाना टाळू नका.

वयाचं काय?
पाळी गेल्यावर बाईची हाडं ठिसूळ होत जातात. वय वाढलं की धोका वाढतो, हे खरं. चांगले उपचार मिळूनही वयस्कर पेशंटपैकी पाचात एक किंवा जास्त जण वर्षभरात दगावतात. पण नुसतं वय हे ऑपरेशन नाकारायचं कारण नाही. उलट म्हातारं शरीर पडून राहणं सोसत नाही. हृदय, साखर, रक्त कमी असणं यावर आधी उपचार लागू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लगेच सांगा. आणि विचारा, "डॉक्टर, ऑपरेशन कधी?" झाल्यावर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभं करतात. दुखतं म्हणून झोपवून ठेवू नका.

गटाने काय करायचं?
- ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड आजच काढून घ्या.
- तातडीचं कर्ज बैठकीची वाट न पाहता कसं द्यायचं, याचा ठराव करून ठेवा.
- न्हाणीत खरबरीत फरशी, धरायला दांडी आणि रात्री दिवा हवा.

बैठकीत बोलू या: आपल्या गटात ७० च्या वरच्या किती जणी आहेत? कुणाचं कार्ड राहिलंय?