डेटाबेसची भाषा आणि नावांचा प्रश्न

ग्रंथालयाची नोंदवही, रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खाते यांची माहिती संगणकावर ज्या व्यवस्थेत साठविली जाते तिला डेटाबेस म्हणतात. या व्यवस्थेला आज्ञा देण्याची सर्वाधिक प्रचलित भाषा म्हणजे एसक्यूएल. आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी ती १९७४ साली मांडली, तेव्हा तिचे नाव ‘सीक्वेल’ होते. ते नाव दुसऱ्या एका कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याचे आढळल्यामुळे पुढे ते आखडून घ्यावे लागले. या भाषेचे बारसे दोनदा झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

एसक्यूएल जाणणाऱ्या मुक्त आज्ञावलींपैकी पोस्टग्रेस ही एक प्रमुख होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ साली तिचे काम सुरू झाले. आरंभी तिची भाषा निराळी होती. एसक्यूएल तिला १९९४ नंतर मिळाली, आणि १९९६ पासून तिच्या अधिकृत नावातही ती अक्षरे जोडली गेली. तिची मूळ संहिता कोणालाही वाचता व बदलता येते. कोणी सुधारणा सुचविली की इतर जाणकार तिची उघड तपासणी करतात, आणि स्वीकृतीचा अधिकार असलेले थोडे लोक ती संहितेत सामील करतात.

परंतु नवी सोय घालणे म्हणजे केवळ गणकयंत्राला नवे काम शिकविणे नव्हे. भाषेत एखादा शब्द राखीव केला की, ज्यांनी तोच शब्द आपल्या कोष्टकातील स्तंभाला नाव म्हणून दिला असेल त्यांच्या जुन्या आज्ञा अडखळतात. शिवाय एकदा दिलेला शब्द परत घेता येत नाही, कारण हजारो ठिकाणी त्यावर कामे उभी राहिलेली असतात.

एक साधी गरज पाहू. वर्गणीदाराची नोंद वहीत असेल तर ती दुरुस्त करावी, नसेल तर नवी लिहावी. हे काम एका कारकुनाला सोपे आहे. पण दोन कारकून एकाच क्षणी एकाच वर्गणीदाराचा शोध घेऊ लागले, दोघांनाही नोंद आढळली नाही आणि दोघांनीही नवी नोंद लिहिण्यास घेतली, तर काय होईल? एका क्रमांकाची एकच नोंद असावी असा नियम असल्यास दुसऱ्याची आज्ञा नाकारली जाईल, आणि त्याचे काम अर्ध्यावर राहील. डेटाबेसवर एकाच वेळी शेकडो आज्ञा येतात, म्हणून हा प्रसंग काल्पनिक नाही.

एसक्यूएलच्या २००३ सालच्या प्रमाणसंहितेत या प्रकारच्या कामासाठी ‘मर्ज’ ही आज्ञा आहे. तथापि ती आधी दोन कोष्टकांची जुळणी करते व मग लिहिते. मधल्या क्षणी दुसरा कोणी नोंद करून गेला तर ती चुकीचा इशारा देऊन थांबू शकते. पोस्टग्रेसच्या कार्यकर्त्यांना तर खात्रीची आज्ञा हवी होती. ‘मर्ज’ याच शब्दाला वेगळा अर्थ देणे सोपे होते, पण अन्यत्र तो शब्द शिकलेल्या माणसाची त्यामुळे फसगत झाली असती. म्हणून त्यांनी ‘इन्सर्ट’ला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ ही पुरवणी जोडली. तीत आधी नोंद लिहिण्याचा यत्न होतो आणि विरोध आढळल्यास तीच ओळ दुरुस्त होते. जानेवारी २०१६ मध्ये ९.५ या आवृत्तीतून ती प्रसिद्ध झाली. प्रमाण ‘मर्ज’ला मात्र बरीच वाट पाहावी लागली: एप्रिल २०१८ मध्ये ती संहितेत दाखल झाली आणि आक्षेपांमुळे त्याच महिन्यात काढून घेतली गेली. अखेर २०२२ साली १५ व्या आवृत्तीत ती आली. हा विलंब रास्तच होता असे म्हणावे लागेल.

शब्दांचे जे होते तेच साधनांच्या व फाइलींच्या नावांचे. पोस्टग्रेस प्रत्येक बदल मूळ कोष्टकात पक्का करण्यापूर्वी एका रोजनाम्यात लिहून ठेवते. वीज अचानक गेली तर याच रोजनाम्यावरून अपुरे राहिलेले बदल पुन्हा घडवून आणता येतात. हा रोजनामा ज्या कप्प्यात असे त्याचे नाव होते ‘पीजी_एक्सलॉग’. संगणकाच्या व्यवहारात ‘लॉग’ म्हणजे यंत्राने लिहिलेले किरकोळ निरोप; जुने झाले की टाकून द्यावयाचे. डिस्क भरली की ‘लॉग’ नावाचा कप्पा रिकामा करावा, हा सुज्ञ विचार करून काही जणांनी हा रोजनामाच पुसून टाकला. मग डेटाबेस सुरूच होईना. परत मिळविण्याची आशा असलेली माहितीही गेली. अडाणीपणाचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होय. नाव वाचून त्यांनी जे केले ते त्या नावाला धरूनच होते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये निघालेल्या १० व्या आवृत्तीत या कप्प्याचे नाव ‘पीजी_वॉल’ झाले; ‘वॉल’ म्हणजे आधी लिहिलेल्या रोजनाम्याची इंग्रजी आद्याक्षरे. त्याबरोबर ‘पीजी_रीसेटएक्सलॉग’ हे साधन ‘पीजी_रीसेटवॉल’ झाले आणि व्यवहारांचा निकाल नोंदविणारा ‘पीजी_क्लॉग’ कप्पा ‘पीजी_झॅक्ट’ झाला. जुनी नावे वापरणाऱ्या राखीव प्रतींच्या आज्ञा त्या दिवशी बंद पडल्या व त्या पुन्हा लिहाव्या लागल्या. ‘क्रिएटयूझर’ हे साधन मात्र अजून जुन्याच नावाने चालते. नावावरून ते संगणकाचा नवा वापरकर्ता निर्माण करील असे वाटते. वास्तविक ते डेटाबेसचा वापरकर्ता निर्माण करते.