मोहोळ फुटणे व राणीमाशी बदलणे

सातेरी मधमाश्यांचे मोहोळ फुटते ते बहुधा मधाच्या ऐन हंगामाच्या तोंडाशी. महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्याच्या भागात जांभूळ फुलण्याचा सुमार आला की पेटीत माश्यांची दाटी होते. त्या वेळी जुनी राणी निम्म्या माश्या बरोबर घेऊन निघून गेली, तर मागे उरलेल्यांची शक्ती नवी राणी व पिल्ले वाढविण्यात खर्ची पडते आणि मधकोठी रिकामीच राहते.

मोहोळ फुटणे व मोहोळ पळून जाणे या गोष्टी भिन्न आहेत. उपासमार, मुंग्या, मेणकीडा किंवा कडक ऊन यांमुळे सर्व माश्या घर सोडतात, तो पळ होय. फुटते ते मात्र भरभराटीचे मोहोळ. त्यामुळे दोहोंचे उपायही निराळे आहेत.

फुटण्याची पूर्वसूचना मिळते. प्रथम नरांची पिल्ले वाढतात. त्यांच्या उंचावलेल्या झाकणांच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. पुढे पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरे दिसू लागतात. अंड्यापासून राणी बाहेर पडण्यास सुमारे १६ दिवस लागतात. परंतु पहिले राणीघर बंद होण्याच्या सुमारासच, म्हणजे अंडे घातल्यापासून आठवडाभरात, जुनी राणी निघू शकते. म्हणून या हंगामात दर ७ दिवसांनी तपासणी करावी. पंधरवड्याने पाहणाऱ्यास बहुधा अर्धी पेटीच पाहावयास मिळते.

दाटी होण्यापूर्वीच रिकाम्या चौकटी व मधकोठी द्यावी, पेटीवर सावली करावी. राणीघरे खुडणे हा तात्पुरता उपाय आहे. एक घर जरी नजरेतून सुटले तरी मोहोळ फुटते. शिवाय पोळ्यात ताजी अंडी वा राणी दिसल्यावाचून सर्व राणीघरे कधीही खुडू नयेत. राणी आधीच निघून गेली असेल, तर मागे उरलेल्या मोहोळाची एकमेव आशा त्याच घरांत असते.

ज्या मोहोळाने फुटण्याचा निश्चय केला आहे, त्याचे आपणच विभाजन करणे उत्तम. जुनी राणी, पिल्लांच्या दोन-तीन चौकटी व मधाची एक चौकट नव्या पेटीत ठेवून ती दूर न्यावी. बाहेर फिरणाऱ्या माश्या मूळ जागी परततात. यास्तव नव्या पेटीत आणखी एका चौकटीवरील माश्या झटकाव्यात, दार अरुंद करावे व समभाग साखरपाणी द्यावे. मूळ पेटीत मोठे, सरळ असे एकच राणीघर राखावे. अधिक ठेवल्यास पहिल्या कुमारी राणीबरोबर पुन्हा थवा निघण्याचा संभव असतो.

राणीघर कोणत्या मोहोळाचे घ्यावे, याचाही विचार हवा. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने नष्ट झाल्या. ज्या पेटीत झाकणाखाली पिशवीसारख्या मेलेल्या अळ्या आढळतात, तिची राणी कितीही अंडी घालो, तिची संतती वाढवू नये. शांत, निरोगी व भरपूर मध देणारे मोहोळच निवडावे.

पोळ्याच्या मध्यभागी एक-दोनच राणीघरे दिसली, तर ती बहुधा फुटण्याची नव्हेत. माश्या स्वतःच थकलेली राणी बदलीत असतात. ती खुडू नयेत.

नवी राणी बाहेर आल्यावर मीलनासाठी उडते व साधारणतः दोन आठवड्यांच्या आत अंडी घालू लागते. तोवर पेटी वारंवार उघडू नये. त्यानंतरही अंडी नसतील, तर दुसऱ्या मोहोळातील अंडी व कोवळ्या अळ्यांची चौकट द्यावी. एका घरात अनेक अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, दिसू लागल्यास कामकरी माश्या अंडी घालीत आहेत असे समजावे. त्यांतून केवळ नर निपजतात आणि असे मोहोळ सुधारणे फार कठीण जाते.

राणी बदलण्याचे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. जूननंतर घाटात सततच्या पावसामुळे राणीस मीलनासाठी उडता येत नाही, आणि नरही कमी झालेले असतात. त्या काळात राणी गमावलेले मोहोळ शेजारच्या सराणी मोहोळात, मध्ये भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून, सायंकाळी एकत्र करावे.