ओल किती दिवसांची?

बाळा, वास्तुशांतीच्या गडबडीत सांगायचं राहिलं, म्हणून लिहितो. घराचा विमा उतरवलास, फार चांगलं केलंस. पण पाण्याने नुकसान झालं तर त्यातून काय मिळतं, ते आत्ताच समजून घे.

तुझ्या देवासला एके काळी रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून तिथे ज्याच्या त्याच्या गच्चीवर टाकी आणि अंगणात हौद. त्यात आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जमिनीतले नळ हलतात. तुझ्या घराला खरा धोका चोरापेक्षा पाण्याचा आहे.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे एकाच मसुद्याची मिळते. त्यात पूर आहे, वादळ आहे, आणि टाकी किंवा नळ फुटून, ओसंडून झालेलं नुकसानही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या धार जिल्ह्यात कारम धरणाच्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपू लागलं आणि १८ गावं रिकामी करावी लागली, तेव्हापासून पुराचं कलम मी दोनदा वाचतो.

पण हळूहळू मुरलेली ओल, झिजून कुजलेला नळ, वर्षानुवर्षं गळणारी गच्ची, याचे पैसे मिळत नाहीत. हे मी पोळून शिकलो. धारच्या वाड्यात न्हाणीघराच्या भिंतीतला लोखंडी नळ एका रात्री फुटला. सकाळी खालच्या खोलीत घोटाभर पाणी. कंपनीचा सर्वेअर आला, त्याने भिंतीवर नखाने ओरखडा काढला आणि पांढरी भुकटी माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, “काका, हा लोणा आहे. एका रात्रीत धरत नाही.” कपाट आणि गाद्यांचे पैसे मिळाले, भिंतीचे नाहीत. तेव्हा मी फार चिडलो, पण माणूस खरं बोलत होता. दोन पावसाळे त्या भिंतीचे पोपडे मी पाहत होतो आणि त्यावर कॅलेंडर टांगलं होतं.

म्हणून दर अक्षय्य तृतीयेला, पावसाच्या आधी, घराच्या चारही भिंतींचे, टाकीचे, मोरीचे फोटो काढून ठेव. भिंत कोरडी होती याचा दुसरा पुरावा नसतो. पाणी शिरलं तर आधी नळ बंद कर, मग फोटो, मग त्याच दिवशी कंपनीला कळव. दाव्याचा फॉर्म ३० दिवसांत द्यायचा असतो. भिजलेलं सामान सर्वेअर पाहून जाईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नकोस. फुटलेल्या नळाचा तुकडासुद्धा जपून ठेव, प्लंबर तो सोबत घेऊन जातात.

कर्जासोबत बँकेने दिलेली पॉलिसी उघडून पाहा. रक्कम कर्जाएवढी नव्हे, घर नव्याने बांधायला लागेल तेवढी हवी. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. इमारतीचा विमा असला की सामानाला रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, संरक्षण आपोआप मिळतं. रोकड त्यात येत नाही. दागिन्यांचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं, तेव्हा आईच्या पाटल्या लॉकरमध्येच राहू देत. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याचीही तरतूद आहे, हे फार जणांना ठाऊकच नसतं.

दावा नाकारला तर गप्प बसू नकोस. आधी कंपनीकडे लेखी तक्रार कर. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारापासून वर्षभराची मुदत असते.

आणि आज संध्याकाळी एक काम कर. तुझ्या घराचा मुख्य वॉल्व्ह कुठे आहे ते शोध, हाताने एकदा फिरवून पाहा, सूनबाईलाही दाखव, आणि मला फोन करून सांग.