शहरांतील गरिबांचीं घरें

आमच्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. कित्येक लोक कामधंद्यासाठीं पुण्या-मुंबईस जातात. शहरांत काम मिळतें, पण घर मिळणें कठीण. सर्व घरें सरकारानें एकट्यानें बांधावीं, तर पैसा पुरत नाहीं. बांधकाम-व्यावसायिकावर सोंपवावें, तर गरिबाच्या घरांत त्यास नफा नाहीं. म्हणून दोघांनीं भागीनें हें काम करावें, अशी पद्धति निघाली. तिचा आपण थोडा विचार करूं.

मुंबईंत १९९५ सालीं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालें. या योजनेंत सरकार जादा बांधकामाची परवानगी देतें. व्यावसायिक पात्र झोपडीवासीयांस विनामूल्य घरें देतो आणि त्या मोबदल्यांत मिळालेलीं जादा घरें बाजारभावानें विकतो. म्हणजे गरिबाच्या घराचा खर्च जमिनीच्या महागाईंतून निघतो. अर्थात् जेथें जमीन महाग, तेथेंच असा भागीदार उत्साहानें पुढें येतो. मग बीड, परळी, अंबाजोगाई अशा ठिकाणीं तो कशासाठीं येईल?

याचें एक उत्तर सोलापुरानें दिलें आहे. तेथील विडी कामगार स्त्रियांसाठीं कुंभारी येथें गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. तीं घरें २००६ सालीं कामगारांस मिळालीं. पुढें असंघटित कामगारांनीं सहकारी संस्था काढून तेथेंच ‘रे नगर’ ही ३०,००० घरांची योजना हातीं घेतली. प्रधानमंत्री आवास योजनेखालीं दर घरामागें केंद्र सरकारचें दीड लाख व राज्य सरकारचें एक लाख रुपये अनुदान आहे. उरलेला भार कामगारांनीं उचलावयाचा. १९ जानेवारी २०२४ रोजीं पहिलीं १५,००० घरें त्यांच्या स्वाधीन झालीं. येथें भागीदार आहे तो नफ्यासाठीं आलेला नव्हे, तर त्या घरांत राहणाराच होय.

मात्र कोणत्याही भागींत दुबळ्या पक्षानें सावध असावें. घर कामापासून दूर असेल, किंवा पाणी व शाळा जवळ नसेल, तर नव्या भिंतींचा उपयोग काय? पुष्कळ वडीलमाणसें करारनामा न वाचतांच अंगठा उठवितात. विद्यार्थिमित्रहो, असा कागद घरीं येईल तेव्हां तो मोठ्यानें वाचून दाखवा: घर किती चौरस फुटांचें, ताबा केव्हां, तोंवर भाडें कोण देणार, हप्ता किती. आपल्या शिक्षणाचा घरास याहून मोठा उपयोग आम्हांस दिसत नाहीं.