घरी जोडलेली मोटार

मोटार कारखान्यात तयार होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु घराच्या आवारात स्वतःच्या हातांनी मोटार जोडणारी माणसेही असतात. इंग्लंडमधील कॉलिन चॅपमन हा तरुण त्यांपैकीच एक. १९४८ साली त्याने 'ऑस्टिन सेव्हन' या जुन्या गाडीच्या आधारे एका लहानशा गॅरेजात आपली पहिली गाडी तयार केली. पुढे १९५७ साली त्याच्या कंपनीने 'लोटस सेव्हन' ही दोन आसनांची हलकी गाडी काढली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर कर द्यावा लागे. सुट्या भागांवर तो पडत नसे. म्हणून पुष्कळ हौशी लोक सुटे भाग घरी आणून स्वतःच गाडी जोडीत. १९७३ पासून याच धर्तीची गाडी 'केटरहॅम' ही कंपनी बनवीत आली आहे.

या जोडणीत मोठ्या जोखमीचे काम म्हणजे सस्पेन्शन बसविणे. चाकांना सांगाड्याशी जोडणारी ही रचना होय. पुढच्या प्रत्येक चाकासाठी एकावर एक असे दोन दांडे असतात. चाक खड्ड्यात गेले की हे दांडे वरखाली हलतात. स्प्रिंग धक्का झेलते. पण ती एकटीच असती, तर गाडी झोपाळ्यासारखी हेलकावत राहिली असती. ते हेलकावे धक्काशोषक आवरतो.

दांडा सांगाड्याला जेथे जोडला जातो, तेथे धातूच्या नळीभोवती रबर बसविलेले असते. त्याला बुश म्हणतात. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याशी घट्ट होते आणि दांडा हलताना मधले रबर पिळले जाऊन पुन्हा पूर्ववत होते.

नवशिक्याची चूक नेमकी येथे होते. सांगाडा घोड्यांवर उचललेला असतो, दांडे खाली लोंबत असतात आणि तो उत्साहाच्या भरात सारे बोल्ट करकचून आवळतो. गाडी जमिनीवर उतरताच दांडे वर सरकतात. आवळलेले रबर मात्र उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. म्हणून जाणता मनुष्य बोल्ट आधी हलकेच बसवितो. मग चाके लावून गाडी खाली उतरवितो, आसनांवर माणसांइतके वजन ठेवतो आणि गाडी थोडी मागेपुढे ढकलतो. दांडे आपल्या जागी स्थिर झाले, की मोजमापाचा पाना घेऊन नेमून दिलेल्या जोराने बोल्ट आवळतो. आवळलेल्या प्रत्येक नटावर तो रंगाची रेघ ओढतो. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

एवढी दक्षता कशासाठी? एक बोल्ट निखळला, तर भर वेगात चाक भलतीकडे वळते. मग चालविणाऱ्याच्याच नव्हे, तर रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसाच्याही जिवावर बेतते. ब्रिटनमध्ये आज घरी जोडलेली नवी गाडी सरकारी तपासणीत उतरल्यावाचून रस्त्यावर आणता येत नाही. परंतु तपासनीस गाडी एकदाच पाहतो. कोणता बोल्ट घाईत आवळला आणि कोणता वजन पडल्यावर, हे जोडणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याने अखेरचा पाना फिरविण्यापूर्वी दाखविलेला धीर पुढे कित्येकांचे प्राण राखतो.