गाठ आतल्या बाजूला

आप्पा गेले त्या सकाळी आमच्या चाळीत पंचाईत झाली. बांबू आले, कामट्या आल्या, सुंभ आलं, मडकं आलं. तिरडी बांधायची कुणी? चाळीस वर्षं हे काम आप्पांचं. आम्ही पाच-सहा बाप्ये नुसते उभे. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा, कुरिअरचं काम करणारा पोरगा उकिडवा बसला आणि बांधू लागला. खांद्याकडची गाठ त्याने फिरवून आत घेतली. म्हणाला, "बाहेर राहिली तर खांदेकऱ्याला टोचते. आप्पांनी शिकवलंय."

मला, त्यांच्या थोरल्या मुलाला, हे ठाऊक नव्हतं. म्हणून उशिरा का होईना, त्यांच्याकडून जे उमगलं ते लिहून ठेवतो आहे.

१. गाठ टोचू नये.
आप्पा संगमेश्वर तालुक्यातून १९६३ साली मुंबईत आले. लालबागला गावकीच्या खोलीत वीसेक जण राहायचे. एका पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर पाठ टेकायचे. बरीच वर्षं बदलीवर काढल्यावर ते गिरणीत साच्यावर कायम झाले. ते सांगायचे, तार तुटली की गाठ मारावीच लागते, पण ती इतकी बारीक हवी की फणीतून न अडकता गेली पाहिजे. माणसांना मदतही ते तशीच करत. कुणाच्या पोराची फी भरली, तर त्या पोरालासुद्धा पत्ता लागायचा नाही.

२. घराची घडी मोडू देऊ नये.
१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सातवीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले, पण आप्पा पहिल्या पाळीच्याच वेळेला उठत राहिले. दाढी, आंघोळ, चहा, आणि हातात पिशवी. गिरणीऐवजी भायखळ्याच्या भाजी मार्केटला जायचे आणि कोथिंबिरीच्या जुड्या आणून नाक्यावर बसायचे. संध्याकाळी पाढे म्हणून घेणं चुकलं नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आप्पांसारखे हजारो जण पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी केली. आमचं घर तेव्हा किती टेकीला आलं होतं, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

३. वहीत माणूस छोटा करू नये.
चाळीची भिशी त्यांच्याकडे होती. लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही त्यांच्या मागे ट्रंकेत सापडली. संपाच्या महिन्यांत बऱ्याच नावांपुढे रक्कम नाही. तिथे आप्पांनी 'बाकी' असं लिहिलेलं नाही. लिहिलंय 'सुट्टी'. पान उलटत गेलो तर दोन-दोन वर्षांनी त्याच नावांपुढे पैसे जमा झालेले दिसले. दोन नावांपुढची सुट्टी मात्र अजून संपलेली नाही. त्यातलं एक कुटुंब गावी परतलं ते कायमचं.

४. पद नको, किल्ली घ्यावी.
गणेशोत्सव मंडळाच्या एकाही पत्रिकेत आप्पांचं नाव अध्यक्ष म्हणून नाही. पण पाण्याच्या पंपाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. पहाटे चारला पाणी यायचं, आणि चाळ झोपेत असताना टाकी भरलेली असायची. एकदाच ते शिमग्याला गावी गेले असताना टाकी कोरडी राहिली, तेव्हा लोकांना समजलं की ती आपोआप भरत नव्हती.

५. बाहेरच्या मोठेपणाचं भाडं घर भरतं.
हे लिहिल्याशिवाय खरं होणार नाही. माझा दहावीचा निकाल लागला, त्या दिवशी आप्पा शेजाऱ्याला घेऊन केईएममध्ये बसले होते. रात्री अकराला आले, पेढा खाल्ला, आणि बसल्याबसल्या झोपले. मी दोन दिवस बोललो नाही. आई म्हणायची, "तुमचा बाप आधी चाळीचा, उरला तर आपला." रागाने म्हणायची, पण मयतीवरून ते कितीही वाजता परतले तरी आंघोळीचं पाणी तापलेलं असायचं. आप्पांच्या शोकसभेत चौदा जण बोलले, त्या पाण्याबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही. म्हणून इथे नोंदवतो.

६. हाताखाली बसावं.
तो कुरिअरवाला पोरगा कुणी विशेष नव्हता. आप्पा तिरडी बांधताना तो सुंभाचं एक टोक धरून बसायचा, एवढंच. मी तेव्हा खुर्च्या मोजत असे, नाहीतर फोनवर नातेवाइकांना कळवत असे. ती कामंही लागतातच, पण त्यांतून बापाची कला हाती येत नाही.

तेराव्यानंतर मी त्या पोराला गच्चीवर बोलावलं. मंडपाचे दोन जुने बांबू घेतले, बाजारातून सुंभ आणलं. पहिल्यांदा गाठ बाहेर आली. दुसऱ्यांदाही आली. तो हसला नाही. नुसता माझा अंगठा धरून त्याने वळवला.

गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या आजी गेल्या. तिरडी मी बांधली. चौघे खांदेकरी परत आले, कुणी खांदा चोळत नव्हता.

तुमच्या चाळीत, वाडीत, सोसायटीत ही गाठ कुणाला येते, तेवढं एकदा विचारून ठेवा. आणि तो माणूस आहे तोवर सुंभाचं दुसरं टोक धरायला बसा.